सगळे घरी पोचेपर्यंत

सोलापुरात सात रस्त्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. छोटी म्हणजे मालक धरून सगळी माणसं एका रिक्षात बसतील एवढी. दुकानदारांना बिलं करायला आणि जीएसटी भरायला लागणारं सॉफ्टवेअर ती बनवते आणि ते बिघडलं की दुरुस्त करते. बनवण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त. महेश्वरी बिराजदार इंजिनिअर झाली आणि तिथं चिकटली ती चिकटलीच. चादरीवाले, औषधवाले, भुसारवाले, सगळ्यांच्या बिलांचे सगळे रोग तिला तोंडपाठ झाले होते. मार्च महिन्यात तर फोन उचलल्यावर समोरच्यानं काही बोलायच्या आत तीच विचारायची, "बिल निघंना का?"

काम वाईट नव्हतं. मालक भला होता, पगार वेळेवर होत होता. पण महेश्वरीच्या मनानं एक गोष्ट घेतली होती, ती काही केल्या सुटत नव्हती. तिला गेम बनवायचे होते. त्यामागं मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. तिनं लिहिलेलं सॉफ्टवेअर उघडताना आजवर एकाही माणसाचा चेहरा खुललेला तिनं पाहिला नव्हता, एवढंच. लोक नाइलाज म्हणून ते उघडत आणि काम झालं की जीव सुटल्यासारखे बंद करत. लोक आपणहून उघडतील असं काहीतरी एकदा तरी आपल्या हातून व्हावं, असं तिला फार वाटायचं.

शेळगीत त्यांचं घर. वडील अण्णाराव यांचं मार्केट यार्डाजवळ सरकी पेंडीचं दुकान. आई मल्लव्वा घर सांभाळते आणि अधूनमधून अण्णारावांनाही सांभाळते. आणि बसूकाका. हा अण्णारावांचा धाकटा भाऊ. लहानपणी ताप डोक्यात गेला असं घरचे सांगतात. वय पन्नाशीच्या पुढं गेलं, पण समज मात्र शाळकरी पोराच्या वयाशीच थांबली. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. दुकानात पोती मोजायला बसवलं तर मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजतो, आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नाही. महेश्वरीला त्यानंच खांद्यावर घेऊन वाढवलं.

आपण गेम बनवणाऱ्या कंपनीत जाणार, हे तिनं घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मल्लव्वा भाकरी थापत होती. तिचा हात तसाच राहिला. "खेळू नगं, अभ्यास कर म्हणून तुला बडवली, तवा कुटं इंजिनिअर झालीस," ती म्हणाली, "आन् आता खेळच बनवणार व्हय?"

अण्णारावांना वेगळी काळजी. "जुगार न्हाय न्हवं?"

"न्हाई अप्पा. पैसे लावायचे न्हाईत. मधे मधे जाहिराती येतात, त्यातनं कंपनीला पैसे मिळतात."

"मग चालतंय," असं म्हणून ते दुकानाला गेले.

त्यांचं चालत होतं, पण कंपन्यांचं कुठं चालत होतं? पहिली मुलाखत हैदराबादच्या एका कंपनीत झाली. "फावल्या वेळात कुठले गेम खेळता?" असं त्यांनी विचारलं. महेश्वरीनं खरं ते सांगितलं, की फावला वेळच मिळत नाही. समोरचा माणूस छान हसला आणि मुलाखत तिथंच आटोपली. दुसरी बेंगळुरूची. तिथं घोड्यांच्या शर्यतीचं एक कोडं घातलं. तिला उत्तर सुचलं ते संध्याकाळी, जेवायला बसल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे असं. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःवरच चिडलेली होती.

तिसरी कंपनी पुण्याची. फोनवर खेळायचे बैठे खेळ बनवणारी, आणि घरी बसून काम करायला देणारी. म्हणजे सोलापूर सोडायला नको. महेश्वरीला वाटलं, आता ही गेली तर आपण पुन्हा कुठं अर्जच करायचा नाही. सात रस्त्याला जन्म काढायचा. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात पक्कं केलं होतं.

पहिली फेरी सुरळीत गेली. बिघडलेला कोड देऊन तो दुरुस्त करायला सांगितला होता. दुसऱ्यांची बिघडलेली बिलं निस्तरण्यात जिचं आयुष्य चाललंय ती बाई बिघडलेला कोड बघून कशाला बावरेल? दुसऱ्या फेरीसाठी घरी करायचं काम दिलं. तुमच्या भागात खेळला जाणारा एखादा बैठा खेळ निवडा, फोनवर खेळता येईल असा तयार करा. आम्ही तो तुमच्यासमोर खेळून बघू.

निवडायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात एकच खेळ, चौकाबारा. फरशीवर खडूनं पाच घरं उभी, पाच घरं आडवी आखायची. काही घरांवर फुल्या, तिथं सोंगटी सुरक्षित. फासे म्हणजे उभे फोडलेले चार चिंचोके. चारही पांढऱ्या बाजूनं पडले तर चौका, चारही काळ्या बाजूनं पडले तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा एकदा टाकायला मिळतं. बाहेरून फिरत फिरत चारी सोंगट्या मधल्या घरात न्यायच्या. ज्याच्या सोंगट्या आधी पोचतात तो उठत नाही. तो बसून राहतो आणि मागं राहिलेल्यासाठी चिंचोके टाकतो. जे दान पडेल ते मागं राहिलेल्याचं. असं करत सगळ्यांच्या सगळ्या सोंगट्या घरी पोचल्या की डाव संपला.

हे सगळं महेश्वरीनं कामावरून आल्यावर बसून बसून कोडमध्ये उतरवलं. रंग छान निवडले. चिंचोके फरशीवर पडल्याचा आवाज स्वयंपाकघरात फोन धरून रेकॉर्ड केला. दोघांना खेळता येईल आणि एकट्याला फोनशीही खेळता येईल अशी सोय केली. फोनच्या सोंगट्या आधी पोचल्या तर फोनही इमानदारीनं माणसासाठी चिंचोके टाकायचा. आपल्या हातून इतकं देखणं काही झालंय याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

मुलाखत शनिवारी दुपारी व्हिडिओवर होती. आणि नेमकं त्याच दुपारी पाणी आलं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी काही मुलाखतीसाठी थांबत नाही. मोटर घरघरायला लागली, मल्लव्वा आणि बसूकाका घागरी, बादल्या, पिंप भरायच्या मागं लागले. महेश्वरी आतल्या खोलीत दार लावून, मागच्या भिंतीवरच्या खुंट्यांवर नवी सोलापुरी चादर लावून बसली होती. पडद्यावर दोघं होते. रेश्मा ही तिथली प्रमुख. अमृत हा इंजिनिअर, महेश्वरीपेक्षा वयानं लहानच. "नावानं हाक मारा," असं दोघंही म्हणाले, पण सोलापूरच्या माणसाला ते कुठलं जमायला. ती मॅडम आणि सरच म्हणत राहिली.

दोघांनी आपापल्या फोनवर खेळ सुरू केला. चिंचोक्यांचा आवाज ऐकून रेश्मा हसली. "किती खरा वाटतो," ती म्हणाली. अमृतला दानं चांगली पडत गेली. त्याच्या चारी सोंगट्या मधल्या घरात जाऊन बसल्या. त्यानं हात वर केले आणि फोनकडं बघतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली होती, "अमृत, तुमच्या सोंगट्या घरी पोचल्या. आता रेश्मासाठी टाका."

"मी जिंकलो ना?" अमृतनं विचारलं.

"पोचलात, सर."

"हो, म्हणजे जिंकलो."

"म्हणजे... पोचलात. अजून मॅडम राहिल्यात."

अमृतनं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं विचारलं, "महेश्वरी, हा बग आहे का?"

"न्हाई मॅडम, नियम आहे."

"कुणाचा?"

"खेळाचाच."

"मग यात जिंकतं कोण?"

लुडोत माणूस जिंकतो, कॅरममध्ये जिंकतो, हे महेश्वरीला ठाऊक होतं. पण चौकाबाऱ्यात जिंकायचं असतं, हे तिच्या डोक्यात आजवर शिरलंच नव्हतं. चौकाबाऱ्यात पोचायचं असतं. अमृतनं तेवढ्यात इंटरनेटवर शोधलं होतं. त्यानं वाचून दाखवलं, की ज्याच्या सोंगट्या आधी आत जातील तो विजयी आणि खेळ समाप्त.

"इंटरनेटवर काय, काहीही लिहितात," महेश्वरी म्हणाली.

"माझी आई करकंबची, तुमच्याच जिल्ह्यातली," रेश्मा शांतपणे म्हणाली. "लहानपणी सुट्टीत मी तिथं हा खेळ खूप खेळलेय. जिंकणारा उठायचा आणि हरणाऱ्याला पाणी आणायला पाठवायचा."

बाहेर मोटर घरघरत होती आणि मल्लव्वा मोठ्यानं ओरडून सांगत होती की हंडा वाहतोय. घोडं पेंड खात होतं ते इथं, आणि ते तिला दिसलंही नव्हतं. गेमच्या कंपनीत नोकरी मागायला आलेल्या बाईनं ज्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही असा गेम करून आणला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"कोड स्वच्छ आहे," अमृत म्हणाला. त्याला बहुतेक तिची दया आली होती. रेश्मा म्हणाली, "जिंकण्याचं तेवढं घालून पाठवा. बुधवारी शेवटची फेरी घेऊ."

दार उघडून ती तडक स्वयंपाकघरात गेली. मल्लव्वा पदरानं हात पुसत होती.

"अव्वा, चौकाबाऱ्यात जिंकतंय कोण?"

"जो पैला जातंय त्यो. समद्या जगात तसंच हाय की."

"मग आपल्यात?"

"आपल्यात बसू हाय," मल्लव्वा म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मग लेकीचा चेहरा बघून तिनं पाट ओढला आणि सांगितलं. "मी लग्न हून आले तवा घरात लई माणसं. दुपारी डाव मांडायचे. बसूला मोजता येत न्हाय, त्यो मागं ऱ्हायचा. बाकीची पोचली की उटून जायची आपापल्या कामाला. आन् ह्यो एकटाच बसायचा डावाम्होरं. एकटाच टाकायचा, एकटाच सोंगटी सरकवायचा. जेवायला बोलवलं तर उटायचा न्हाय. सोंगटी घरी गेली न्हाय म्हनायचा. एक दिवस तुजे अप्पा दुकानातनं आले, त्येंनी बगितलं. हातपाय बी धुतले न्हाईत, तसंच त्येच्यासमोर बसले. म्हनले, बसू, ही खुळी हायत, ह्येंना नियमच म्हाईत न्हाय. पोचला त्यानं उटायचं नसतंय, ऱ्हायलेल्यासाटी टाकायचं असतंय. तोंडाला आलं ते सांगितलं बग त्येंनी. बसूनं खरं धरलं. मग समद्यास्नी तसंच खेळावं लागलं. तू त्येच्यानंतर जन्मलीस."

"मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"सांगायचं काय त्यात? नियमच झाला की त्यो."

महेश्वरीला आधी रागच आला. सगळं घर एका बनावट नियमानं खेळत आलं आणि तोंडघशी पडायची वेळ तिच्यावर आली. मग तो राग ओसरला आणि तिला अप्पांचं इतकं वाटलं की डोळे भरून आले. हा माणूस दुकानात एका किलो पेंडीमागं गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालतो, आणि घरात आयुष्यभर भावासाठी चिंचोके टाकत बसलाय. संध्याकाळी तिनं त्यांना विचारलंही. "काय की बा, मला काय आटवत न्हाय," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

दुरुस्ती चिमूटभर होती. कुणाच्याही चारी सोंगट्या पोचल्या की खेळ थांबवायचा, जिंकलेल्याचं नाव दाखवायचं, पडदा बंद करायचा. चहा निवायच्या आत झालं. आता हे नीट चालतंय का बघायला माणूस हवा होता, आणि रविवारी सकाळी घरात मोकळा माणूस एकच. तिनं बसूकाकाच्या हातात फोन दिला.

बसूकाका मन लावून खेळला. घरं मोजायचं काम फोन करत असल्यामुळं त्याचं चुकायचंही काही नव्हतं. पण दान शेवटी दान. फोनच्या सोंगट्या आधी पोचल्या, "फोन जिंकला" अशी अक्षरं आली आणि पडदा कोरा झाला. बसूकाकाला वाचता येत नाही. तो फोन हातात धरून बसून राहिला. महेश्वरी कपडे वाळत घालून आली तरी तो तसाच होता.

"काय झालं काका?"

"त्ये टाकंना," बसूकाका म्हणाला. फोन आपल्यासाठी टाकेल म्हणून तो वाट बघत होता. आणखी थोडं थांबून त्यानं फोन तिच्याकडं दिला. "उटून गेलं वाटतं," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. पाहुणा चहा न घेताच गेला तर जसं सांगतात तसं त्यानं सांगितलं.

महेश्वरीला त्याच्या शेजारी बसवेना. खेळ नीट चालत होता. कंपनीला हवा होता तसाच चालत होता. तिनं तो पाठवून दिला.

बुधवारी शेवटच्या फेरीला पुन्हा तेच दोघं. जिंकणं-हरणं बघितलं, ठीक आहे म्हणाले. मग रेश्मानं खुर्ची पुढं ओढली. "तुमचा तो आधीचा नियम माझ्या डोक्यातून जात नाहीये," ती म्हणाली.

"चूक झाली, मॅडम."

"चूक नाही. ऐका. आमच्या गेममध्ये माणूस लागोपाठ हरला की अ‍ॅपच काढून टाकतो. तो गेला की जाहिराती कुणाला दाखवायच्या? म्हणून तो फार मागं पडला की त्याचं दान आम्ही आतून थोडं सुधारतो. तुमच्या खेळात तेच आहे. मागं राहिलेल्यासाठी कुणीतरी टाकतंय. फक्त तुमच्याकडं ते दिसतं. आमच्याकडं दिसता कामा नये. चौकाबारा आम्ही अ‍ॅपमध्ये घेतला, तर त्यात असं काही बसवता येईल तुम्हाला?"

कसं करायचं ते महेश्वरीच्या डोक्यात रेश्माचं बोलणं संपायच्या आतच तयार झालं होतं. अवघड काहीच नव्हतं. तरी तिनं विचारलं, "खेळणाऱ्याला सांगायचंच न्हाई का?"

"सांगितलं तर त्याचा मान काय राहिला?" अमृत म्हणाला. "आपण कुणाच्या मेहेरबानीनं जिंकलो हे कळलं तर कुणाला आवडेल? न सांगता केलं तर तो खूश, आपणही खूश."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बसूकाकाला सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या हातचं दान घ्यायला कधी लाज वाटली का, हे महेश्वरीला सांगता आलं नसतं. तिनं त्याला ते कधी विचारलंच नव्हतं. पण अप्पांनी निदान समोर बसून टाकलं होतं, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी तिच्या मनात आल्या. तिसरीही आली, की आता नाही म्हटलं की सात रस्ता. उद्या सकाळी फोन वाजणार आणि कुणाचं तरी बिल निघत नसणार. समोर दोन माणसं उत्तराची वाट बघत होती.

"जमेल," ती म्हणाली, आणि कसं करता येईल ते तिनं नीट समजावून सांगितलं. माणूस मागं पडला की लगेच चौका पाडायचा नाही. आधी एखादं बरं दान, मग एक साधं, मग चौका. म्हणजे कुणाला शंका येणार नाही. अमृत मान डोलावत होता. हे इतकं चांगलं आपल्याला कसं सुचतंय, याचं तिला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती.

नोकरी लागली. आठवडाभरातच पत्र आलं. अण्णारावांनी सिद्धेश्वराला जाऊन नारळ फोडला, मल्लव्वानं शेंगाच्या पोळ्या केल्या आणि सात रस्त्याच्या मालकानं डोळे पुसत निरोप दिला. त्याला रडू तिच्या जाण्याचं आलं की येणाऱ्या मार्चचं, ते देव जाणे. माडीवरच्या खोलीत टेबल आलं, पुण्याहून लॅपटॉप आला. काम महेश्वरीला मनापासून आवडलं. खोटं कशाला सांगायचं, सकाळी उठून कामाला बसायची तिला आयुष्यात पहिल्यांदा ओढ लागली. चौकाबारा अ‍ॅपमध्ये आला. चिंचोक्यांचा आवाज तोच ठेवला, मल्लव्वाच्या फरशीवरचा. हजारो लोक आपणहून तो उघडायला लागले. मागं पडलेल्याला आतून हात देणारा तो कोड तिचाच होता, आणि तो इतका बेमालूम बसला होता की रेश्मानं सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन कौतुक केलं. कंपनीबाहेर त्याबद्दल बोलायचं नाही असा करार होता. तिनं सही केली होती. तसंही बोलून कुणाला काय कळणार होतं?

अण्णारावांनी मात्र एक गोष्ट केली. लेकीनं बनवलेला खेळ म्हणून यार्डातल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तो आपल्या फोनवर घेतला. आधी चष्मा वर-खाली करत, चाचपडत खेळले. मग दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की खेळायला लागले. मग जेवण झाल्यावर. महिन्याभरात त्यांचा फोन आणि ते वेगळे दिसेनासे झाले. जिंकले की घरात येऊन सांगायचे. कुठल्या अनोळखी माणसाला शेवटच्या क्षणी चौका टाकून कसं हरवलं, ते मल्लव्वाला भाकरीमागं भाकरी ऐकावं लागायचं.

"आयुष्यभर ह्येंचा नंबर कदी पैला आला न्हाय," मल्लव्वा लेकीला म्हणाली. "बसूसाटीच टाकत बसायचे. आता बग, कसं पोरावानी झालंय."

अप्पांना एवढं हसताना महेश्वरीनं क्वचित पाहिलं होतं. पेंडीच्या दुकानात हसण्यासारखं काही नसतं. त्यांचा तो आनंद बघून तिला खरोखरच आनंद व्हायचा, पण तो कुठून येतोय हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मल्लव्वा ताटं उचलत होती. अण्णाराव भिंतीला टेकून फोनवर खेळत होते. बसूकाका त्यांच्या खांद्याला खांदा लावून, तोंड उघडं टाकून बघत होता. अण्णाराव मागं पडले होते. समोरच्याच्या तीन सोंगट्या पोचलेल्या, यांची एकच. मग यांना एक बरं दान पडलं. मग एक साधं. मग चौका, आणि वर मिळालेल्या दानात पुन्हा चौका.

"बगितलास का?" अण्णाराव म्हणाले. "मागं पडलो की हात कसा चालतोय माजा."

बसूकाका बराच वेळ फोनकडं बघत राहिला. आयुष्यभर डावात मागं राहिलेला माणूस तो. मागं राहिल्यावर चौका कसा येतो हे त्याच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं वाकून फोनच्या मागं कुणी आहे का ते बघितलं. मग सरळ झाला.

"अण्णा," त्यानं विचारलं, "तुज्यासाटी कोन टाकायलंय?"

"कोन टाकंल? मीच टाकायलोय की."

बसूकाकानं मान हलवली. "न्हाय," तो म्हणाला. "कोनतरी टाकायलंय."

अण्णाराव मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी मान वर केली आणि दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. "तू सांग की गं ह्येला," ते म्हणाले. "तूच बनवलीस न्हवं? कोन टाकतंय ते सांग."

दोघंही तिच्याकडं बघत होते.

"तुमीच टाकताय की, अप्पा," महेश्वरी म्हणाली.

अण्णारावांनी समाधानानं फोनकडं नजर वळवली. बसूकाका मात्र तिच्याकडंच बघत राहिला.